हॉम बाकचा दाखला

यातलं एक अक्षरही मी वाढवलेलं नाही. मी तिथे तीन हातांवर उभा होतो.

कॅलिफोर्नियातल्या फ्रेस्नोजवळची द्राक्षबाग. ऑगस्ट १८९५, मंगळवार, भर दुपार.

चिनी माणसाकडे फोटोचा रहिवासी दाखला नसला, की आधी तुरुंग, मग परतीचं जहाज. माझ्या काकांचा, मॉक शिंग यांचा, दाखला आगीत जळाला होता.

जूनमध्ये गावातल्या गोऱ्यांनी आमच्याबरोबर बागेत राबणाऱ्या हॉम बाकला दगडांनी ठेचून मारलं. त्याचं अंग काकांनीच धुतलं. उजव्या हाताची दोन बोटं तुटलेली. जबडा सरकलेला. कवटी मागून फुटलेली.

सदऱ्यात त्याचा दाखला सापडला. खूण एकच लिहिलेली... डाव्या भुवईवर व्रण.

"काका, मेलेल्याचा कागद नको."

"त्याला आता कोण विचारतंय? वस्तरा घे. आणि नीट काप, आधीच मी काही देखणा नाही."

मी भुवई कापली. ऑगस्टपर्यंत जखमेचा व्रण झाला.

त्या मंगळवारी अधिकारी आला. त्याने फोटो पाहिला, काकांना पाहिलं.

"भुवईवर व्रण. बरोबर."

मग कागद डोळ्यांजवळ नेला...

"उजव्या हाताला दोन बोटं नाहीत. हात दाखव, जॉन."

त्याच्या लेखी आम्ही सगळेच जॉन.

काकांनी हात पुढे केला.

ओली फांदी मोडावी तसा आवाज झाला...

बोटं मातीत पडली. रक्त अधिकाऱ्याच्या बुटांवर उडालं. त्याने खाली पाहिलंच नाही.

"बरोबर. जबडा वाकडा."

काकांचं तोंड एका बाजूला गेलं. दात हनुवटीवरून ओघळले.

मी ओरडणार होतो, हा कागद यांचा नाही.

काकांनी माझ्याकडे पाहून मान हलवली.

नको. जहाज नको.

"कवटी मागून..."

काका पडले.

"सगळं जुळतंय," अधिकारी म्हणाला. दाखल्याची घडी घालून त्याने ती काकांच्या खिशात ठेवली आणि पुढच्या माणसाकडे वळला.

तो गेल्यावर मी कागद उघडला. खूण एकच होती. भुवईवरची.

काकांना आम्ही हॉम बाकशेजारी पुरलं.

सात वर्षांनी अस्थी मायदेशी न्यायला माणसं आली. थडग्यांवरच्या नावाच्या फळ्या कधीच कुजल्या होत्या. "यातले तुझे काका कोणते, ते तूच दाखव," त्यांचा म्होरक्या म्हणाला.

मी उकरलेल्या दोन्ही सांगाड्यांकडे पाहिलं.

दोघांना उजव्या हाताची दोन बोटं नव्हती. दोघांचे जबडे सरकलेले. कवट्या एकाच जागी फुटलेल्या.

उंचीही सारखीच...

मी एका पेटीवर काकांचं नाव लिहिलं.

काकू दर वसंतात चीनमधून पत्र पाठवतात. थडग्यावर ठेवलेला भात मुंगीसुद्धा शिवत नाही, म्हणतात. पेटी त्यांचीच होती ना, विचारतात.

मी अजून उत्तर लिहिलेलं नाही.