डाव्या खांद्यामागे

नेव्हिओ स्तान्किचचा एकच नियम होता: ज्याचा फोटो काढायचा, त्याला तो कळता कामा नये.

त्यासाठी तो करड्या रंगाचा कोट घाली, रबरी तळव्यांचे बूट वापरी आणि कॅमेरा डोळ्याशी न नेता छातीशीच धरी. पोन्तेरोस्सोच्या बाजारात भाजीवालीशी हुज्जत घालणारी बाई, कालव्याच्या कठड्यावर बूट काढून पाय चोळत बसलेला टपालवाला, बसथांब्यावर एकमेकांकडे पाठ करून उभं असलेलं, नुकतंच भांडलेलं जोडपं. माणूस आपल्याच तंद्रीत असला की त्याचा चेहरा कसा सैल सुटतो, घरात घालायच्या कपड्यांसारखा. तो चेहरा नेव्हिओला हवा असे. खटका दाबायचा आणि चालू लागायचं. इटलीतल्या त्रिएस्ते बंदराच्या रस्त्यांवर त्याने हजारो माणसं अशी टिपली असतील, पण एकानेही कधी मान वर करून त्याच्याकडे पाहिलं नव्हतं.

नोकरीची सगळी वर्षं त्याने जहाजांच्या विम्याचा तपासनीस म्हणून काढली होती. भिजलेली कॉफीची पोती, तडकलेली यंत्रं, गंजलेले पत्रे. नुकसान समुद्राने केलं की माणसाने, एवढं शोधून काढायचं. तिसरं कारण त्याच्या अहवालात कधी आलं नाही.

निवृत्त झाला त्याच हिवाळ्यात त्याची बायको नीवेस गेली. मूलबाळ नव्हतं. सान जाकोमोच्या चढावरचं ते घर, तिच्या चपला, खिडकीतली तिची तुळस, सगळं जिथल्या तिथे राहिलं. फक्त आवाज तेवढा गेला. फोटोंचा नाद त्याला तरुणपणापासून होता. "लोकांना न विचारता खिशात घालतोस, चोर मेला!" असं नीवेस म्हणायची. आता त्या नादाला निराळंच कारण मिळालं. माणसांत राहायला मिळे आणि कोणाशी बोलावं लागत नसे. कित्येक दिवस असे जात, की सबंध दिवसात तो फक्त कॅफेतल्या लोरेदानाशीच बोले, तेही एवढंच: "एक काळी कॉफी." आणि ती म्हणे, "आणली."

सप्टेंबरच्या अखेरीस एका दुपारी त्याने न्हाणीघराच्या खिडकीला काळं कापड लावलं, लाल दिवा पेटवला आणि आठवडाभराच्या फिल्मा धुवायला घेतल्या. रसायनात कागद हलवता हलवता त्याचा हात थांबला.

मासळीवाला सरळ समोर पाहत होता.

म्हणजे अगदी कॅमेऱ्याकडे नाही, जरासा बाजूला आणि वर. नेव्हिओने तो फोटो बाद केला. चूक होते कधीकधी. पण पुढच्या छापात दोन शाळकरी मुली तशाच बघत होत्या. त्याच्या पुढच्यात बाकावरचा म्हातारा, आणि त्या म्हाताऱ्याचा कुत्रासुद्धा. सगळे जण कॅमेऱ्याच्या किंचित वर, एकाच बाजूला बघत होते. आणि हसत होते. दारात आलेल्या ओळखीच्या माणसाकडे पाहून हसावं तसं.

त्याच्यातला तपासनीस जागा झाला. तिथे घड्याळ असेल, पाटी असेल, सूर्य असेल. दुसऱ्या दिवशी तो प्रत्येक जागी जाऊन आला. तसं काहीच नव्हतं. मग त्याने जेवणाच्या टेबलावर छाप पसरले आणि प्रत्येकाच्या नजरेच्या दिशेने पेन्सिलीने रेघ ओढली. जवळच्यांची रेघ, लांबच्यांची रेघ. जुना हिशेब, हातात बसलेला. सगळ्या रेघा एका ठिकाणी येऊन मिळत होत्या: त्याच्या डाव्या खांद्याच्या मागे, हातभर अंतरावर. त्याच्यापेक्षा थोडं उंच.

तो किती तरी वेळ पाठीमागच्या भिंतीकडे पाहत बसला. भिंतीवर भिंतीखेरीज काही नव्हतं.

दुइलिओ हा त्याचा कचेरीतला जुना सोबती. आता दोघं महिन्यातून एकदा दारूच्या पेल्यावर भेटत. नेव्हिओने काही न सांगता छाप त्याच्यापुढे टाकले. दुइलिओने भिंग लावून पाहिलं आणि टेबलावर थाप मारली.

"आयला, कोण आहे रे ती?"

"कोण?"

"आता साळसूदपणा नको. तुझ्यासारख्या खप्पड थोबाडाकडे बघून जग असं हसत नाही. कोणीतरी आहे बरोबर. देखणी असणार. मला कधी भेटवतोस?"

"कोणी नाही, दुइलिओ. एकटाच असतो मी."

"बरं बाबा, नको सांगूस. पण जपून. या वयात हार्ट आधी जातं."

दुइलिओ हसत सुटला. नेव्हिओ हसला नाही. चढ चढून घरी येईपर्यंत त्याच्या डोक्यात एकच शब्द घोळत होता. ती.

दुसऱ्या दिवशी कॅफेत तो नेहमीच्या टेबलावर बसला. लोरेदाना आली, तिने त्याच्याकडे पाहिलं, मग त्याच्या खांद्यावरून मागे पाहिलं आणि ओठ रुंद करून हसली.

"दोन ना?"



"हो," तो म्हणाला. "दोन."

तिथून पुढचे दिवस नेव्हिओला फार सुखाचे गेले. लपवून काय करायचं? तो दोन कप मागवी. दुसरा कप समोर तसाच गार होई. रस्त्याने जाताना तो पुटपुटे, "बघ नीवेस, त्या बाईची टोपी बघ. तुझ्या मावशीचीच जणू." घाटावर वारा सुटला की म्हणे, "चल गं, सर्दी होईल तुला." रस्त्यावरची माणसं त्याच्या मागे पाहून हसत, आणि आपल्या बायकोकडे पाहून लोक हसतात याचा त्याला अभिमान वाटे. रात्री अंथरुणाची डावी बाजू तो मोकळी ठेवी.

एक गोष्ट मात्र त्याने अहवालातून गाळली. नीवेस त्याच्या खांद्याला लागायची. रेघा त्याच्या डोक्याच्याही वर मिळत होत्या. टाचांचे बूट घातले असतील, असं त्याने ठरवून टाकलं. आयुष्यात पहिल्यांदाच त्याला पुरावा नको होता.

ऑक्टोबरातल्या एका उबदार दुपारी तो बार्कोलाला गेला. तिथे समुद्रालगतच्या फरसबंदीवर टॉवेल पसरून शहरातल्या म्हाताऱ्या थंडी पडेपर्यंत ऊन खात पडतात. एक बाई वर्तमानपत्राची टोपी घालून, भाजलेल्या चेस्टनटसारखी तपकिरी, डोळे मिटून बसली होती. गुडघ्यावर अर्धा सोललेला पीच. नेव्हिओने कॅमेरा छातीशी धरला आणि खटका दाबला.

"काढलात?" ती डोळे न उघडता म्हणाली.

तो दचकला. "माफ करा हं, बाई. मी—"

"माफी कसली! ऐंशीच्या घरात आले, आता या ओंदिनाचे फोटो काढतंय कोण! पण काढायचा तर ऐटीत काढा, असं चोरून काय?" तिने डोळे किलकिले केले. "आणि तुमच्या सोबत्यालाही बसवा की खाली. मघापासून तिष्ठत उभं आहे बिचारं."

आजवर लोक नुसते हसले होते. लोरेदानाचं "दोन ना?" सोडलं, तर कोणी बोललं नव्हतं.

"दिसते तुम्हाला ती?"

"ती? मला चष्म्याशिवाय बाई-बुवा कळत नाही हो. थांबा, बघू तरी तुमची ती." हसत हसत तिने पिशवीत हात घातला, चष्मा काढला, टॉवेलाच्या टोकाने पुसला आणि नाकावर चढवला.

मग तिने पाहिलं.

एक लाट खाली दगडांवर आपटली आणि ओसरली. ओंदिनाच्या ओठांवरचं हसू जागच्या जागी राहिलं. बाकीचा चेहरा मात्र त्याच्याखालून निघून गेला.

"बुटकी आहे ना?" नेव्हिओ घाईने म्हणाला. "आखूड केस? निळा स्वेटर आहे का अंगात?"

त्याच्या खांद्यामागे पाहत तिने मान लववली. मोठ्या माणसासमोर लववावी तशी. टॉवेल छातीशी ओढून घेतला.

"ऊन गेलं," ती म्हणाली.

ऊन होतं. पाण्यावर डोळे दिपत होते.

ती एका हाताने वस्तू गोळा करू लागली. पीच गडगडत समुद्राकडे गेला. तिने तिकडे पाहिलंही नाही. तिची नजर त्याच्या डाव्या खांद्यावरून हलत नव्हती.

"बाई, एवढंच सांगा. माझी बायको आहे ना ती?"

"तुम्ही निघा." तिचे ओठ जेमतेम हलले. हसू तसंच होतं. "मी हसतेय ना, तोवर निघा."

घरी येताच त्याने कोटही न काढता सगळे छाप टेबलावर मांडले. मासळीवाला, त्या मुली, बाकावरचा म्हातारा. भिंग घेतलं. मग त्याला सुचलं म्हणून त्याने मासळीवाल्याच्या तोंडावर अंगठा ठेवला आणि फक्त डोळे पाहिले.

तो एकेक चेहरा तसाच पाहत गेला. ओठ झाकायचे, डोळे पाहायचे.

मोकाट कुत्रा वाटेत आडवा आला की माणूस असाच हसतो. हळू, गोड, हात दिसतील असे ठेवून. बिथरू नये म्हणून.

बाकावरच्या म्हाताऱ्याचा कुत्रा तर हसत नव्हताच. त्याने दात दाखवले होते.

नेव्हिओ टेबलापासून उठला नाही. भीती वाटली, पण ती मागाहून. आधी वाटलं ते दुसरंच. इतके दिवस त्याने जिच्याशी गप्पा मारल्या, जिच्यासाठी अंथरुणात जागा सोडली, ती तिथे कधीच नव्हती. नीवेस दुसऱ्यांदा गेली होती, आणि या खेपेला सांत्वनाला येणारंही कोणी नव्हतं.

"जा," तो रिकाम्या खोलीला म्हणाला. "कोणी का असेना, जा."

खिडकीची तावदानं वाऱ्याने थरथरली. बोरा, डोंगरावरून समुद्राकडे झेपावणारा तिथला थंड वारा, सुटायला लागला होता.

काही दिवस तो घराबाहेर पडला नाही. पावाचे सुके तुकडे, डब्यातले मासे. अंथरुणाच्या डाव्या बाजूला त्याने पुस्तकांचा ढीग रचला. दुइलिओचा फोन आला तेव्हा सांगावंसं वाटलं. पण सांगायचं काय? "बरा आहे," तो म्हणाला. "वारा आहे ना, म्हणून बाहेर पडत नाही."

शेवटी तपासनिसाने उचल खाल्ली. इतरांच्या तोंडावरून किती दिवस अंदाज बांधायचा? माल स्वतः पाहावा.

वारा पडला त्या सकाळी तो कॅमेरा घेऊन खाली उतरला. चढाच्या पायथ्याशी एक दुकान बंद पडलं होतं. त्याची मोठी काच अजून शाबूत होती. तिच्यासमोर तो उभा राहिला. काचेत करडा कोट दिसला, छातीशी कॅमेरा दिसला, मागे रिकामा रस्ता आणि धुतलेलं आकाश. डाव्या खांद्यामागे काही नव्हतं. त्याने काचेतल्या कॅमेऱ्याच्या भिंगावर नजर रोखली, ती जराही ढळू न देता खटका दाबला आणि घरी परतला.

लाल उजेडात कागद हळूहळू काळा-पांढरा होत गेला. कोट आला. रस्ता आला. आकाश आलं.

मागे कोणी नव्हतं.

त्याने श्वास सोडला. मग चेहरा उमटला.

फोटोतला नेव्हिओ भिंगाकडे पाहत नव्हता. त्याची नजर काचेत थोडी वर लागली होती, स्वतःच्या डाव्या खांद्याच्या मागे. आणि तो हसत होता.

ओठ झाकायला त्याने अंगठा उचलला. मग फोटोवर न ठेवताच खाली घेतला.

दुपारी तो कॅफेत गेला. घरात बसवेना, आणि दुसरीकडे जायला कोण होतं? नेहमीच्या टेबलावर बसला. लोरेदाना आली. या वेळी तिने काही विचारलं नाही. दोन कप ठेवले, मान लववली आणि मागच्या मागे सरकत निघून गेली.

कॅफेत गर्दी होती. पेले वाजत होते, कोणीतरी फुटबॉलवरून तावातावाने भांडत होतं. त्याच्या आसपासची टेबलं मात्र मोकळी होती. नेव्हिओने बराच वेळ हात मांडीवर ठेवले. मग डावीकडची खुर्ची थोडी मागे ओढली, बसणाऱ्याला सोयीची होईल अशी.

त्याने साखरेची एक पुडी फाडली आणि दुसऱ्या कपात ओतली. मग आणखी एक. मग तिसरी. हात आपसूक थांबला. एवढी पुरे, हे त्याला कोणी सांगावं लागलं नाही. नीवेस जन्मभर कडू कॉफी प्यायली होती.

त्याने चमच्याने हळूच ढवळलं आणि कप डावीकडे सरकवला.

"घ्या ना," तो हसून म्हणाला. "निवतेय."