वाघिणीचं झाकण

मुकादमांना यार्डातून फोन आला तेव्हा ते चांभाराकडे बसून चपलेचा अंगठा शिवून घेत होते. थंडीचे दिवस, दुपारचे तीन, आणि धुकं अजून उठलं नव्हतं. त्यांना निवृत्त होऊन अकरा वर्षं झाली होती. तेवढ्या काळात यार्डाने त्यांची एकदाही आठवण काढली नव्हती, आणि त्यांनीही यार्डाचं नाव काढलं नव्हतं. माणूस मानी होता.

फोनवर यार्डाच्या नव्या मॅडम होत्या. म्हणाल्या, "मुकादम, एक विचारायचं होतं. 'झाक' म्हणजे काय?"

चांभाराने टाका ओढला.

"कॉइल वाहणाऱ्या मालगाडीच्या जुन्या वाघिणी भंगारात काढल्यात. कापणारे लोक कापायच्या आधी आत कोणी आहे का म्हणून हाक मारतात. शेवटच्या वाघिणीतून म्हणे उत्तर येतं. 'झाक.' दोन दिवस झाले, कोणी हात लावत नाही. तुमच्या टोळीतलं दुसरं कोणी राहिलं नाही, म्हणून..."

"येतो," मुकादम म्हणाले, आणि अर्धी शिवलेली चप्पल पायात सरकवून उठले.

पोलादाचा पत्रा कारखान्यातून निघतो तो गुंडाळी होऊन. तिलाच कॉइल म्हणतात. एकेक कॉइल माणसाच्या छातीइतकी उंच आणि वजनाला चार हत्तींना भारी. ती गडगडू नये म्हणून या वाघिणींच्या तळाला खोलगट खोबणी असतात, आणि पाणी लागू नये म्हणून वर सरकतं झाकण. ताजी कॉइल दोन-दोन दिवस तापलेली राहते. थंडीत सगळी टोळी जेवणाचे डबे कॉइलच्या मधल्या पोकळीत ठेवायची. दुपारी डबा उघडला की वाफ निघायची. तेलाचा वास, तापल्या लोखंडाचा वास आणि त्यात पाच घरच्या भाज्यांचे वास. मुकादम पुढे बऱ्याच ठिकाणी जेवले. तसं पोट कुठे भरलं नाही.

झाकण लोटायला दोन माणसं लागत, एक अलीकडून, एक पलीकडून. मध्ये वाघीण, त्यामुळे एकाला दुसरा दिसत नसे. म्हणून पद्धत होती. अलीकडच्याने ओरडायचं, "निघा, झाकतोय." पलीकडच्याने आत डोकावून बघायचं, कोणी राहिलं नाही ना, आणि मग म्हणायचं, "झाक." त्या शब्दाशिवाय झाकणाला हात लावायचा नाही.

मुकादमांच्या पलीकडे बावीस वर्षं एकच माणूस असायचा. त्याला सगळे थंड्या म्हणत, कारण त्याला कायम थंडी वाजायची. जरा उसंत मिळाली की तो वाघिणीत उतरून गरम कॉइलला पाठ लावायचा.

"माणूस आहेस की पाल रे," मुकादम म्हणायचे. "ऊब दिसली की चिकटलास."

"तुला काय कळणार," थंड्या म्हणायचा. "तुझं डोकं बारा महिने तापलेलं."

तीस वर्षांपूर्वी अशाच एका धुक्याच्या संध्याकाळी शेवटच्या गाडीला इंजिन लागलं होतं. मुकादम ओरडले. "झाक," उत्तर आलं. त्यांनी झाकण लोटलं. जड गेलं. पलीकडून जोरच नव्हता. थंड्याला एक शिवी हासडून त्यांनी ते एकट्याने लोटलं, खिट्टी घातली, शिट्टी दिली. पाचला गाडी हलली. शेवटचा डबा पुढे सरकला तेव्हा पलीकडे कोणीच नव्हतं.

दुसऱ्या दिवशी थंड्या कामावर आला नाही. तिसऱ्या दिवशी बातमी आली की तो बायकोला टाकून गेला. तिकडच्या टोकाला वाघीण उघडली, माल बरोबर उतरला असा निरोप आला, बाकी काही नाही. मुकादमांनी सुटकेचा निःश्वास सोडला. पण तो शब्द कुठून आला होता ते त्यांना ठाऊक होतं. पलीकडून नव्हे. तो घुमत आला होता, रांजणात बोलल्यासारखा. हे त्यांनी कोणाला सांगितलं नाही. नोकरी होती, लेकरं लहान होती. थंड्याच्या बायकोला लोक टाकलेली म्हणाले, तेही त्यांनी मुकाट्याने ऐकून घेतलं.

यार्डात पोचले तेव्हा मॅडम आणि कापणारा गडी एका बादलीत विस्तव करून हात शेकत होते.

"वाऱ्याने पत्रा वाजत असेल," मॅडम म्हणाल्या.

"पत्रा वाजतो, मॅडम. बोलत नाही," गडी म्हणाला. "बोलायला लागला तर त्यालाच कापायला सांगा."

मुकादम दोघांना तिथेच सोडून वाघिणीकडे गेले. झाकण अर्धवट उघडं होतं. गंजलं होतं, पण वाघीण तीच. तिच्या कडेला पडलेला पोचा त्यांच्याच हातोड्याचा. ते शिडी चढले, काठावर बसले आणि पाय आत सोडून खोबणीत उतरले.

आत रिकामं होतं. अंधार होता, पण तो परका वाटला नाही. तेलाचा वास तसाच. त्यांनी टेकायला हात खाली ठेवला, आणि खालचं लोखंड कोमट लागलं... मग गरम. बाहेर हाडं गोठवणारं धुकं, आणि इथे ती जुनी ऊब. मुकादम खाली बसले. पाठ टेकली. किती वर्षांनी पाठीचा ठणका गेला. कोणीतरी डबा उघडल्यासारखी वाफ दरवळली. पापण्या मिटायला लागल्या. थंड्या इथून का निघत नसे ते त्यांना आज कळलं.

"निघा, झाकतोय."

आवाज बाहेरून आला. तरणा, रागीट, घाईतला. मुकादमांनी तो ओळखला. तो त्यांचाच होता. तीस वर्षांपूर्वीचा.

आणि भीती वाटायच्या आधी त्यांची जीभ हलली. हजार वेळा दिलेली हाक आणि तिचा ठरलेला जबाब. मन झोपलेलं असलं तरी जीभ जागी असते.

"झा..."

वर झाकण करकरलं. उजेडाची पट्टी हातभर झाली... मग वीतभर...

त्यांनी जीभ चावली. तोंडात रक्ताची चव आली. "थांब," ते ओरडले. "आत माणूस आहे."

झाकण थांबलं.

त्या फटीतून ते कसे बाहेर आले, त्यांनाच माहीत. मॅडम आणि गडी धावत आले.

"झाकण कोणी लोटलं?" मुकादमांनी विचारलं.

"लोटणार कोण? गंजून बसलंय. परवा चौघांनाही हललं नाही," गडी म्हणाला. "पण तुम्ही आतून का ओरडलात... निघा, झाकतोय म्हणून?"

मुकादमांनी धोतराने तोंड पुसलं. "आज कापू नका," ते म्हणाले. "मला आधी एका घरी जायचंय."

दिवेलागणीला ते थंड्याच्या दाराशी उभे होते. दार उघडणारी बाई वाकली होती, पण नजर तीच.

"भावोजी?" ती म्हणाली. "इतक्या वर्षांनी बरी वाट सापडली."

"बसत नाही, वहिनी. सांगतो आणि जातो." ते उभ्यानेच बोलले. "तो तुम्हाला टाकून गेला नाही. गरम वाघिणीत त्याचा डोळा लागला असणार. मी हाक दिली, त्याने झोपेतच झाक म्हटलं. आवाज आतून आला हे मला तेव्हाच कळलं होतं. तरी मी झाकण उघडलं नाही. लोक तुम्हाला बोलले, ते मला बोलायला हवं होतं."

वहिनी म्हणाल्या, "गाडी किती वाजता सुटली?"

"पाचला."

"पाचला," त्या म्हणाल्या. "आणि सातला ते घरी आले."

मुकादमांनी दाराची चौकट धरली.

"जेवायला बसले. दोनदा वाढून घेतलं. एक शब्द बोलले नाहीत. पहाटे बघते तर अंथरूण गार, माणूस नाही. म्हणून मी म्हटलं, गेले. माझ्या हातचं जेवून, न सांगता गेले, हे सांगायची लाज वाटली मला."

"वहिनी... तो कसा येईल..."

"अंगात ताप वाटला, म्हणून वाढताना मी त्यांच्या पाठीला हात लावला."

त्यांनी उजवा तळवा दिव्याखाली धरला. जुनं भाजलेलं होतं, तळव्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत. त्यात बारीक, एकीला एक खेटून, किंचित वळलेल्या रेघा उमटल्या होत्या. गुंडाळलेल्या पत्र्याच्या कडा बाजूने बघितल्या तर अशाच दिसतात.

"डॉक्टर विचारत होते, कशाला हात लावलात," वहिनी म्हणाल्या. "मी म्हटलं, नवऱ्याला."