भेंडी काळी कुणी केली?

“बाबा, भेंडी काळी कशानं पडली, ते तुम्हाला खरंच कळलंय का?”

क्रेट भरणाऱ्या बायकांचे हात थांबले. सापगावच्या भेंडीच्या शेडमध्ये, सगळ्यांसमोर हे विचारून दाखव, अशी पैज मनालीच्या मैत्रिणींनी लावली होती. तिच्या जिभेला मुळात हाड नव्हतंच.

तिचे बाबा, किशोर, यंदाच तिथले मॅनेजर झाले होते. आधी नाशिककडे द्राक्षांचं कोल्ड स्टोरेज सांभाळत.

“धाऊनं कोल्ड रूमचं दार उघडं टाकलं. उद्यापासून त्यानं यायचं नाही. द्राक्षं महिनोन्‌महिने ताजी ठेवलीत मी. मला शिकवू नकोस.”

धाऊकाका म्हणजे वैष्णवीचे वडील, आणि वैष्णवी मनालीची जिवाभावाची. ती रडवेली झाली. “आता काय करायचं गो?”

“तपास.”

“दार मी लावलंच होतं,” धाऊकाका म्हणाले. “आत येवढा गारठा, का मी स्वेटर घालून जातो. थंडी कमी-जास्त करायच्या बटणाच्या पेटीला कुलूप, चावी साहेबाकडं.”

“मग माझ्या बाबांना बोलला का नाहीत?” मनालीनं विचारलं.

“साहेबाला म्हाईत असंल ना.”

मनालीनं आत डोकावलं. काळे क्रेट पंख्याला लागून होते. दाराजवळचे हिरवेगार.

“बाईजाआजीचाच माल खराब असंल,” वैष्णवी पुटपुटली.

शेडला भेंडी देणाऱ्या आजीनं ते ऐकलं आणि घरच्यासाठी ठेवलेली टोपली पुढे सरकवली. “ही त्याच तोडणीची. बाहेरच ठेवलीय. मोडून बघ.”

भेंडी कट्‌कन मोडली.

घरी मनालीनं उरलेली भेंडी फ्रीजमध्ये ठेवायला घेतली, तर आई ओरडली, “बर्फाच्या कप्प्याखाली नको गो! काळी पडते.”

मनाली जागीच थबकली. मग हसली.

जेवताना वैष्णवी शेजारीच होती. मनालीनं सुरुवात केली.

“दार उघडं असतं, तर दाराजवळचे क्रेट आधी खराब झाले असते. ते चांगले आहेत. आजीचा माल खराब असता, तर टोपलीतलाही नासला असता. काळे पडले ते पंख्याजवळचे, जिथं गारठा सगळ्यात जास्त. द्राक्षाला तो सोसतो, भेंडीला नाही. आणि चावी एकट्या तुमच्याकडे, बाबा. थंडी तुम्ही द्राक्षाची लावलीत.”

“मी पण हेच सगळं बघितलं,” वैष्णवी म्हणाली, “पण माझ्या डोक्यात नाय आलं.”

किशोरचा घास हातातच राहिला. “मॅनेजरच विचारत सुटला, तर माणसं ऐकतील का?”

“मला विचारायचं,” आई वाढता वाढता म्हणाली. “नायतर कृषी अधिकाऱ्याला फोन करायचा.”

“काकांना गारठा जास्त वाटत होता, बाबा. पण साहेबाला ठाऊक असेल म्हणून ते गप्प बसले. ‘मला भेंडीतलं कळत नाही’ एवढं तुम्ही म्हणाला असता, तर तेही बोलले असते.”

मनालीनं हात धुतले, चपला घातल्या.

“आई, बाबा, आम्ही आत्ता काकांकडे निघालोय. खरं काय ते त्यांना सांगणार. बाबा, तुम्ही आलात तर तुम्ही सांगा. नाही आलात, तर मी सांगते.”