जुळत आलेलं हाड

पटलं तर घ्या, नाहीतर सोडून द्या. पण यातलं एक अक्षरही माझ्या पदरचं नाही.

माझी मावसबहीण तनुजा नांदेडला डॉक्टर आहे. जिवंत माणसांची नाही, हाडांची. कुठं सांगाडा सापडला की पोलीस तिच्याकडं आणतात आणि तो कुणाचा, माणूस कसा गेला, हे ती हाडं बघून सांगते. भुताचं नाव काढलं की खो खो हसणारी बाई.

म्हणजे, तेव्हा हसायची.

आणि हे रात्री-बेरात्री घडलेलं नाही. गेल्या वर्षी मे महिन्यात, भर दुपारी, डोक्यावर पंखा गरगरत असताना घडलं.

लोहा तालुक्यातल्या एका गावी पडक्या विहिरीचा गाळ काढताना उज्वला नावाच्या मुलीचा सांगाडा निघाला. दोन वर्षांपूर्वी ती नाहीशी झाली होती. कुणाबरोबर तरी पळाली, असं गावानं ठरवून टाकलं होतं. त्यामुळं तिला कुणी शोधलंच नाही.

तनुजानं हाडं धुऊन टेबलावर मांडली. उजव्या मांडीचं हाड मधोमध तुटलेलं. कडा धारदार, बोटाला टोचणाऱ्या. माणूस पडल्यावर जगला, तर या कडा हळूहळू बोथट होतात आणि त्यांच्याभोवती नवं हाड धरू लागतं. इथं तसलं काहीच नव्हतं.

बाहेर बाकड्यावर मुलीची आई बसली होती. विठाबाई.

"मॅडम, एकच इचारते. माझी लेक पडल्या पडल्या गेली, का... जित्ती होती?"

"लगेच गेली, मावशी. तिला काही कळलंसुद्धा नसेल."

विठाबाईनं पदर तोंडात कोंबला आणि ढसाढसा रडली.

"लई उपकार झाले बाई. म्हंजे तो आवाज तिचा न्हवता."

"कसला आवाज?"

"ती गेली आन् हिरीतनं हाक यायला लागली. आई... आई... हुबेहूब उज्वलाची. आमचे मालक म्हणले, हिरीतली हडळ लेकीचा आवाज काढून राहिली, ओ देऊ नको. ओ दिली की घेऊन जाते. म्या रोज वरनं दहीभाताचा उतारा टाकायची आन् माघारी न बघता पळायची. महिना झाला तरी हाक थांबंना. मग मालक म्हणले, खाऊन खाऊन माजलीय ती, टाकू नको. बंद केलं. आठ दिसांत हाक बी बंद."

क्षणभर तनुजाला आपल्याच उत्तराची शंका आली. पण तिनं स्वतःला समजावलं. कडा धारदार आहेत. हाड खोटं बोलत नाही.

ती आत आली. हाड जागच्या जागी होतं.

तिनं कडेवरून बोट फिरवलं...

टोचलं नाही.

सकाळी काढलेला फोटो तिनं पाहिला. फोटोत धार होती. हातातलं हाड बोथट होतं.

दुसऱ्या दिवशी तुटक्या टोकांवर नव्या हाडाचे बारीक कण दिसले. तिसऱ्या दिवशी त्या कणांचा जाडसर थर झाला. जिवंत माणसाचं हाड जुळताना धरतो, अगदी तसा. खोलीला कुलूप होतं आणि किल्ली तिच्याच पर्समध्ये होती.

महिनाभर जगली होती पोरगी. त्या दहीभातावर.

हे विठाबाईला कुठल्या तोंडानं सांगायचं, या विचारात तनुजा टेबलापाशी उभी होती. तेवढ्यात फोन वाजला.

"मॅडम, मी विठाबाई. हाक परत यायलीय. गाव म्हणतंय हीर बुजवून टाका. ट्रॅक्टरभर दगडं आणलेत. मालक म्हणतेत पयला तू टाक. पण माझा हात उचलंना. तुम्ही एकदा सांगा... ती माझी न्हाई ना?"

मागं माणसांचा गलका चालला होता. आणि त्या गलक्याखालून, बारीक...

"आई..."

तनुजाच्या ओठांवर खरं आलं होतं. पण ते ऐकून ही बाई जगली असती का?

"नाही, मावशी. तुमची नाही."

"बरं झालं बाई."

फोन तसाच चालू राहिला. धप्पकन दगड पडल्याचा आवाज आला.

टेबलावरची कवटी तडकली.

कोरडं हाड खडूसारखं मोडतं. ही चीर तशी नव्हती. ओली फांदी पिळून मोडावी तशी लांब फाटत गेली होती. अशी चीर फक्त जिवंत हाडाला पडते.

दुसरा दगड. बरगडी मोडली.

तिसरा...

"थांबा!" तनुजा फोनमध्ये किंचाळली. "थांबवा त्यांना! ती उज्वलाच आहे!"

पलीकडं आता विठाबाईचा नवरा होता.

"आत्ता कुठं हिला धीर आलाय, मॅडम," तो शांतपणे म्हणाला. "टाकू द्या."

फोन बंद झाला.

तिकडं ट्रॅक्टर रिकामा होईपर्यंत तनुजा टेबलावरचं एकेक हाड मोडताना बघत उभी होती. शेवटी मांडीचं ते जुळत आलेलं हाडही गेलं.

पुढं अस्थी न्यायला विठाबाई आली. गोदावरीत सोडायच्या होत्या. गाठोडं उघडून तिनं आत पाहिलं आणि बराच वेळ पाहत राहिली.

"एवढा चुरा कशानं झाला, मॅडम?"

"पडतानाच झाला, मावशी."

विठाबाईनं मान हलवली. गाठोडं छातीशी धरलं.

"म्हंजे लगेच गेली," ती म्हणाली, आणि तनुजाच्या पाया पडली.