काठी टेकवायला जागा

ही गोष्ट खरी आहे. ज्यांना विश्वास ठेवायचा नसेल त्यांनी ठेवू नये, माझं काही अडलेलं नाही. पण कधी नैरोबीजवळच्या रुआकाला आलात, तर मोठ्या रस्त्याला लागून एक रोपवाटिका आहे, तिच्यामागचं हिरव्या पत्र्याचं फाटक बघा.

बाहेरूनच बघा.

भुताची गोष्ट म्हटली की लोकांना रात्र लागते. इथे तसं काही नाही. जुलै महिना होता. नैरोबीचा जुलै म्हणजे दिवसभर करडं आभाळ आणि बोचरी थंडी. वेळ भर दुपारची. रस्त्यावर गाड्या होत्या, माणसं होती, मांदाझी तळणाऱ्या बायका होत्या.

तरीही झालं...

हे ज्या बाईवर बेतलं तिचं नाव न्योकाबी. रोपवाटिका तिचीच. माझं हार्डवेअरचं दुकान तिच्या समोर आहे, त्यामुळे थोडं मी डोळ्यांनी पाहिलं आणि उरलेलं तिच्या तोंडून ऐकलं. साठीला आलेली, विधवा, आणि झाडांच्या बाबतीत महाभांडकुदळ. कुणी फांदी छाटली तरी ही कंबर कसून हजर. एकुलता एक मुलगा, गिचुही. वायरिंगची कामं करायचा. डिसेंबरात त्याचं लग्न ठरलेलं.

आमच्या भागात एकच जुनं झाड उरलं होतं. मुगुमो. वडाच्याच कुळातलं. पणजोबांच्या काळात इथलं जंगल तोडलं, तेव्हा ते मुद्दाम राखलेलं. आम्हा किकुयूंची रीतच आहे ती. जंगल तोडलं की त्यातल्या झाडांचे आत्मे बेघर होतात, आणि बेघर आत्मे माणसांवर राग काढतात. म्हणून एक मोठं झाड ठेवायचं. सगळे त्यात येऊन राहतात.

आणि तेही तोडायची वेळ आली, तर आधी त्यांचं घर बदलायचं. जाणता माणूस खोडाला काठी टेकवतो, त्यांना काठीत बोलावतो, आणि ती काठी दुसऱ्या मुगुमोला नेऊन टेकवतो. वाटेत काठी कुठेच टेकवायची नाही. जिथे टेकेल, ते त्यांचं घर.

हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही माहीत असतं. मानत कुणी नाही, एवढंच.

रस्ता रुंद करायचं ठरलं आणि मुगुमो बरोबर मध्ये आला. न्योकाबीने आरडाओरडा केला, बायका जमवल्या, खोडाला मिठ्या मारून झाल्या. मुकादम ओकुमू नुसता हसत होता.

"आजी, एका झाडाच्या बदल्यात तीनशे रोपं लावणार आहे सरकार. तुमच्याच वाटिकेतून घेतो. आता तरी हसा!"

"तीनशे पोरं गोळा केली म्हणून एक आजोबा होत नाही रे!"

"आजोबा रस्त्यात झोपले तर उठवावं लागतंच की."

बघे खो खो हसले. भागातले जाणते पुरुषसुद्धा हसले. साहेबांच्या बैठकीत चहा पिऊन, मान डोलावून आलेले होते सगळे. ते कशाला काठी उचलतात!

उरले न्योकाबीचे सासरे, म्हातारे न्दिरांगू. डोळ्यांनी अधू, पायांनी पांगळे.

"हे पुरुषांचं काम आहे, सूनबाई."

"पुरुष चहा प्यायला गेलेत, मामंजी."

म्हाताऱ्याने आपली काठी पुढे केली. "दरीतल्या मुगुमोला ने. खाली ठेवू नकोस. हात तुटला तरी ठेवू नकोस. जिवंत झाडात होते तोवर ते शांत होते. वाटेत तसे नसतात."

दरीतलं झाड अजून आहे का, हे कुणीच विचारलं नाही. न्योकाबीनेही नाही. मुगुमो कोण तोडतं? डोंगर जागेवर आहे का म्हणून कुणी आधी बघून येतं का?

तिथेच चुकलं.

दुपारी कामगार जेवायला बसले तेव्हा ती झाडापाशी गेली. खोडाला काठी टेकवली. सासऱ्यांनी सांगितलेले शब्द म्हटले. "चला. दुसरं घर तयार आहे."

काहीच झालं नाही.

तिला स्वतःचंच हसू आलं. तिने काठी उचलली...

आणि झाडाची सळसळ थांबली.

वारा चालू होता. न्योकाबीच्या डोक्याचा रुमाल उडत होता. पण मुगुमोचं एक पान हलेना. वरचे सगळे पक्षी एकदम उडाले आणि परत आले नाहीत. हे मी दुकानातून पाहिलंय. मला वाटलं, करवतीच्या आवाजाने उडाले. मग लक्षात आलं, करवत अजून सुरूच झाली नव्हती.

काठी जड झाली होती. भरलेल्या घागरीइतकी जड. ती दोन्ही हातांनी छातीशी धरून न्योकाबी निघाली.

थोडं पुढे गेल्यावर तिला मागून आवाज आला.

सळसळ...

तिने वळून पाहिलं. मागे कुणीच नव्हतं. पण दोन्ही बाजूंच्या इमारतींच्या गॅलऱ्यांमध्ये वाळत घातलेले कपडे हलत होते. ती चालली की हलत. ती थांबली की थांबत.

दरीपर्यंत गाडीने जावं म्हणून तिने हात केला. मटाटू थांबली. दाराला लटकलेल्या पोऱ्याने नेहमीप्रमाणे तोंड सोडलं.

"या आजी, या! काठीचं अर्धं तिकीट घेईन, पण..."

तो तिच्या मागे बघत राहिला.

"जागा नाही, आजी."

"अरे, आख्खी गाडी रिकामी आहे की!"

"तुमच्या एकटीला आहे हो." तो दारातून आत सरकला. "एवढ्या सगळ्यांना नाही."

त्याने पत्र्यावर दोनदा थाप मारली आणि गाडी सुसाट निघून गेली.

न्योकाबी चालत राहिली. दरी आली. हात भरून आले होते, पण आता संपलंच म्हणून तिला हायसं वाटलं. शेवटचं वळण घेतलं...

झाड नव्हतं.

तिथे खड्डा होता. चौकोनी, खोल, लोखंडी सळया उभ्या केलेला. बाजूला राखणदार मुसेंबी शेकोटीवर मका भाजत बसला होता.

"इथलं... इथलं झाड?"

"गेल्या आठवड्यात पाडलं. पाण्याची टाकी येणार." त्याने तिला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "का? सरपण हवं होतं?"

"पाडण्याआधी त्यांना हलवलं का कुणी?"

"कुणाला?"

मुसेंबी हसला. "बसा आजी. ती काठी टेकवा तिथे भिंतीला, आणि मका खा."

भिंत कामगारांच्या झोपड्यांची होती. आत कुणाचं तरी तान्हं रडत होतं. न्योकाबी एक पाऊल मागे सरकली. मुसेंबीचा कुत्रा शेपूट घालून सिमेंटच्या गोण्यांमागे शिरला. आणि तिच्या मानेमागे ती सळसळ घट्ट झाली, दाटली, आणि तिचा शब्द झाला.

"कुठे?"

पुरुषाचा आवाज नाही, बाईचा नाही. खूप जण एकदम बोलल्यासारखा.

"कुठे...?"

तिची पाचावर धारण बसली. ती पळत सुटली. जन्म या भागात गेला होता, एकेक झाड पाठ होतं. नदीच्या उताराला एक मुगुमो होता. तिथे आता पेट्रोल पंप. शाळेमागे एक होता. तिथे मैदानाचं कुंपण. बाजारात एक होता, त्याच्या सावलीत तिची आई केळी विकायला बसायची. तिथे पाच मजली दुकानं, आणि दारात कुंडीतली दोन शोभेची झाडं. प्लास्टिकची!

पंपापाशी आवाज आला, "कुठे?" शाळेपाशी आला. बाजारात आला तेव्हा तो तिच्या कानाशी होता आणि त्यात राग होता. आजूबाजूला शेकडो माणसं होती. कुणाला काही ऐकू येत नव्हतं. एकजण तर तिला धक्का देऊन ओरडला, "नीट चाल की म्हातारे, रस्ता काय तुझ्या बापाचा आहे?"

चर्चच्या आवारात एक जुना जॅकरँडा होता. परदेशी झाड असलं तरी मोठं होतं. ती फाटकातून आत घुसली आणि काठी पुढे केली. तेवढ्यात चर्चचा कारभारी धावत आला.

"हे काय चाललंय? जादूटोणा? देवाच्या दारात?"

"फक्त टेकवू दे रे. तुझ्या पाया पडते."

"निघ इथून! भुताखेतांना इथे जागा नाही."

त्याने तिला अक्षरशः ढकलून बाहेर काढलं. फाटकाला कडी लागली. न्योकाबी तिथे उभी राहून मोठ्याने रडली. आयुष्यभर या शहरासाठी तिने झाडं लावली होती, आणि एका काठीला टेकू द्यायला शहरात कुणी तयार नव्हतं.

मग ती घरी निघाली. सासऱ्यांना विचारावं, दुसरं काही सुचत नव्हतं.

पुढचं मी पाहिलं. ती माझ्या दुकानावरून गेली. ओठ निळे पडलेले. मी हाक मारली तर तिने पाहिलंही नाही. ती गेल्यावर माझ्या दुकानात टांगलेल्या साखळ्या, एकूणएक, वाजायला लागल्या. मी पटकन बाहेर आलो आणि तिच्या मागे गेलो. शहाणपणा केला असता तर शटर ओढून घेतलं असतं.

गिचुही फाटकाच्या आत, अंगणात उभा होता.

"आई! अगं काय अवस्था करून घेतलीस? आण ती काठी इकडे."

"हात लावू नकोस! लांब हो!"

"वेडी आहेस का? पडशील..."

"गिचुही, लांब हो म्हणते ना!"

तिचा पाय फाटकाच्या उंबऱ्याला अडखळला. तो पुढे धावला, तिला सावरायला. कुठलाही मुलगा धावला असता. त्याने तिला दोन्ही हातांनी झेललं. ती वाचली.

काठी तिच्या हातातून निसटली, आणि त्याच्या खांद्याला टेकली.

सगळं शांत झालं.

साखळ्या थांबल्या. कपडे थांबले. रस्त्यावरच्या गाड्यांचा आवाजसुद्धा मला क्षणभर ऐकू आला नाही. न्योकाबीने काठी ओढून काढली. ती आता हलकी होती, साध्या काठीसारखी. तिने ती त्याच्या खांद्याला पुन्हा टेकवली, पुन्हा ओढली, ते शब्द म्हटले, रडली, किंचाळली.

गिचुही आईकडे बघत होता. प्रेमाने नाही. नव्या घरात आलेला माणूस भिंतीकडे बघतो, तसं.

"इथे जागा कमी आहे," तो म्हणाला.

तो आवाज गिचुहीचा नव्हता.

दुसऱ्या दिवशी मुगुमो पाडला. त्या झाडाला चीर दिली की दुधासारखा चीक वाहतो. एक थेंब आला नाही. लाकूड आतून कोरडं ठणठणीत, वर्षानुवर्षं मेलेलं असावं तसं. ओकुमू खूश झाला, काम लवकर उरकलं म्हणून.

गिचुही तेव्हापासून अंगणात उभा आहे. बसत नाही. झोपत नाही. पाणी दिलं की पितो. ठरलेली मुलगी आली होती. तिने त्याचा हात हातात घेतला आणि लगेच सोडला. काय वाटलं हाताला, ते तिने कुणाला सांगितलं नाही. लग्न मोडलं. डॉक्टर म्हणाले, मनाचा आजार आहे. न्दिरांगूंना खुर्चीसकट अंगणात आणलं, तेव्हा त्यांनी नातवाच्या पाठीवरून तळवा फिरवला आणि लहान पोरासारखे रडले.

"माणूस म्हणजे झाड नव्हे, सूनबाई. आख्खं जंगल आहे आत. हा फार वर्षं पुरणार नाही. मोठं घर जवळ दिसलं तरच ते यातून निघतील. मोठा मुगुमो शोध."

मोठा मुगुमो आसपास नाही. दूर कुठे असेल, तर गिचुहीला तिथे नेता येत नाही. चौघांनी मिळून उचलून पाहिलं. पाय जमिनीवरून सुटत नाहीत.

म्हणून न्योकाबी झाडं लावते. फक्त मुगुमो. शाळांत, दवाखान्यांत, रस्त्याच्या कडेला, लोकांच्या परसात, विचारून, न विचारता. साहेब लोक येतात, तिच्याबरोबर फोटो काढतात. शहर हिरवं करणारी माउली म्हणून तिला शालबिल पांघरतात. ती हसते आणि घाईने निघते. ज्याचं जळतं त्याला कळतं. एखादं रोप उपटलेलं दिसलं की ती ज्या शिव्या देते, त्या ऐकून ट्रकवालेही माना खाली घालतात.

एक रोप तिने माझ्या दुकानापुढे लावलं आहे. पाटी झाकते म्हणून मी कुरकुर केली होती. परवा ती त्याचं खोड मुठीत धरून उभी होती. मूठ सहज मिटत होती.

मी विचारलं, "किती दिवस लागतील, काकू?"

"दिवस?" ती म्हणाली. "मी मेल्यावरही बरीच वर्षं."

मग ती माझ्याकडे वळली. मी चांगला आडदांड माणूस आहे, दिवसभर सिमेंटच्या गोण्या उचलतो. तिने हात वर करून माझा खांदा चाचपला. हळू, नीट, दाबून.

"तू मजबूत आहेस रे," ती म्हणाली. "गिचुहीपेक्षा रुंद आहेस."

आणि रस्ता ओलांडून निघून गेली. हातात सासऱ्यांची काठी होती.

मी त्या रोपाला रोज दोन वेळा पाणी घालतो.