ओ द्यायची नाही

हे घडलंय. पुरावा मागू नका. पुरावा अजून चालू आहे आणि तो बंद करायला मी कुणालाही हात लावू देत नाहीये.

रात्र नव्हती. अमावस्याही नव्हती. शनिवार, भर दुपार. कापड रंगवायचा कारखाना, सुट्टीचा दिवस. आत तिघंच. मी. माझा थोरला भाऊ, बॉयलरवर. आणि गेटवर वॉचमन, झोपलेला.

मी तिथले कॉम्प्युटर सांभाळते. मालाच्या कोठीमागे एक खोली आहे, तिच्यात एक म्हातारं युनिक्स मशीन. अख्ख्या कारखान्याची छपाई त्याच्यातून जाते. नवे कॉम्प्युटर त्याच्याशी नव्या रीतीने बोलतात, पासवर्ड देऊन. जुन्यांना ते जमत नाही. वजनकाट्याचा कॉम्प्युटर, बॉयलरचं जुनं पॅनेल... यांची रीत एकच. दारावर यायचं, हाक मारायची. मशीनने ओ दिली की नाव सांगायचं. पुन्हा ओ आली की कागद हवाली करायचा.

तू कोण, हे तिथे कुणी पडताळत नाही. जो जे नाव सांगेल ते खरं.

त्यांच्यासाठी मी ते जुनं दार उघडं ठेवलंय. मॅनेजर साहेब हात धुऊन मागे लागले होते.

"मॅडम, असं दार सताड उघडं ठेवतं का कुणी?"

"वजनकाट्याला दुसरी भाषा येत नाही, सर. तुम्ही शिकवा. मी लगेच कडी लावते."

बॉयलरवर आधी वाफ्या होता. वाफेचा दाब नीट बसला की तो पॅनेलवरून कागद पाठवायचा. कोठीतल्या प्रिंटरवर तो निघायचा. कागद हातात आल्याशिवाय रंगाच्या टाक्या सुरू करायच्या नाहीत, हा तिथला नेम. कागदाच्या माथ्यावर पाठवणाऱ्याचं नाव. 'वाफ्या' हेच. गमतीत मीच टाकून दिलं होतं.

तो गेला. बॉयलरपाशीच.

कसा, ते लिहिणार नाही. त्याची बायको हे पान वाचते.

मग नवं पॅनेल आलं. ते छापत नाही, पडद्यावर दाखवतं. जुन्याची वायर मी माझ्या हाताने कापली. वाफ्याच्या जागी दादा लागला, त्याच्याच हाताखाली शिकलेला. कारखान्यात दादाला 'शिट्टी' म्हणतात. काम करताना तोंडात सतत शिट्टी. एकही सूर जागेवर नाही. पण अंगणापलीकडून ऐकू आली की माझा जीव भांड्यात पडतो.

त्या दुपारी ऐकू येत होती.

मग...

खर्र.

कोठीतल्या प्रिंटरने कागद ओढला. मी जाऊन उचलला. कोरा. फक्त माथ्यावर एक शब्द.

वाफ्या.

मी खोलीत परतले आणि मशीनसमोर बसून दादाला फोन लावला.

"मस्करी पुरे झाली. मेलेल्या माणसाच्या नावाने कागद पाठवतोस? लाज वाटत नाही?"

"कुठून पाठवू, चिमे? पॅनेल मीच टेम्पोत चढवलं. भंगारवाल्याने माझ्यादेखत हातोडा घातला त्यावर."

"मग हे..."

"थांब. आधी दाब बघतो."

फोन चालूच होता. पावलांचा आवाज. शिट्टी.

शिट्टी थांबली.

"दादा?"

...

"दादा!"

पडद्यावर नवी ओळ उमटली.

कुठून: बॉयलरचं जुनं पॅनेल
कुणाचं काम: शिट्टी
कागद: यायचा आहे

हे नाव त्या पॅनेलवर कधीच नव्हतं. मी घातलंच नव्हतं.

मशीनने एव्हाना ओ द्यायला हवी होती. पापणी लवायच्या आत देतं ते. पण त्या दुपारी घुटमळत होतं... जणू माझ्याकडे बघत होतं.

दारावर येणाऱ्या प्रत्येकासाठी मशीन एक वेगळा हमाल, म्हणजे छोटासा प्रोग्राम, उभा करतं. त्याला मारला तर समोरचा पुन्हा हाक मारतो आणि नवा हमाल ओ देतो. म्हणून मी मारला नाही. गोठवला. युनिक्समध्ये तसं करता येतं. हमाल जिवंत, उभा, पण ओठ शिवलेले.

नाव सांगून झालं होतं. ओ गेली नव्हती. अनोळखी हाकेला ओ दिली की हाक माणसाला घेऊन जाते, म्हणतात.

"अगं, बोंबलतेस काय?" फोनवर दादा. "दाब ठीक आहे."

"शिट्टी का थांबवलीस?"

"मी? वाजवतोयच की केव्हाचा."

सोमवारी बॉयलर तपासून घेतला. काही नाही. ठणठणीत.

त्यानंतर साहेबांनी नवीन मशीन आणलं. म्हाताऱ्याला बंद करा म्हणाले. बंद केलं की गोठवलेला हमालही संपणार, आणि मग पुढची हाक नव्या मशीनवर, जिथे ओ द्यायला नवा हमाल तयारच बसलेला.

"मी करणार नाही."

"मॅडम, नोकरी करायची आहे ना?"

"करायची आहे. म्हणूनच दारात उभी आहे."

मला बाजूला सारून ते आत शिरले. बटणावर बोट ठेवलं.

कोठीत... खर्र.

प्रिंटरचा रूळ अर्धा फिरून थांबला. कागद आला नाही.

साहेबांनी पडद्याकडे पाहिलं. बराच वेळ. मग बोट काढून घेतलं. "वर्षअखेरीस बघू," एवढंच म्हणाले. तिथे काय दिसलं, ते सांगत नाहीत. त्या खोलीत पुन्हा आलेलेही नाहीत. मला तर तीच जुनी ओळ दिसते.

दादाला मात्र राग येतो. माझाच.

"वाफ्या मला न्यायला यायचा नाही गं. दाब चढला की आधी मला बाहेर पिटाळायचा तो. काहीतरी सांगतोय. कागद येऊ तरी दे."

"आणि तो वाफ्या नसेल तर? त्या दारावर जो जे नाव सांगेल ते खरं असतं, दादा."

मग मी म्हणते, बॉयलर सोड. तो म्हणतो, का सोडू, बॉयलर माझा आहे. आमच्या घरात एकाला झाकावं आणि दुसऱ्याला काढावं.

त्याचं खरं असेल, तर त्याला वाचवणारा कागद मीच अडवून बसले आहे. हे मला कळतं. झोपेतही कळतं.

तरी नाही.

बटणावर मी पत्र्याचं झाकण बसवलंय. खोलीची किल्ली माझ्या गळ्यात आहे. पडद्यावर अजून तेच... कागद: यायचा आहे. पॅनेल भंगारात, वायर कापलेली, आणि पलीकडे कुणीतरी ताटकळत उभं आहे. जात नाही.

राहू दे उभं. माझ्या भावाच्या नावाला मी ओ देणार नाही.

हे लिहिताना अंगणापलीकडून शिट्टी ऐकू येतेय. सूर नेहमीसारखाच, जागेवर नसलेला.

तरी फोन उचलते. रोज उचलते.

"दादा, तूच वाजवतोयस ना?"

आणि त्याने ओ देईपर्यंत... श्वास रोखून बसते.