चांदी निवेना

तिसऱ्या दिवशी भरत राख सावडून वाडीवर परतला, तो हातरुमालात काहीतरी गुंडाळून. पडवीत बसलेल्या थोरल्या बहिणीपुढे, सारिकापुढे, त्याने रुमाल सोडला.

"बघ गो ताई. राख पार थंड झालेली, आन् हे अजून तापलेलं हाय."

चांदीचे दाणे होते. या भावंडांच्या वडिलांचं, येसाजींचं, मनगट शेवटी सुजलं होतं; हातातलं चांदीचं कडं निघालं नाही, तसंच चितेवर गेलं. सारिकाने एक दाणा उचलला आणि चटकन टाकला. बोट पोळलं होतं.

मुंबईच्या प्रयोगशाळेत तिचं काम हेच होतं. चांदीच्या चार-पाच अणूंचे विद्युतभारित पुंजके निर्वात पोकळीत कोंडायचे आणि ते कसे सावकाश निवतात ते पाहायचं. निवता निवता एखादा आपोआप फुटतो. पण ते पुंजके डोळ्यांना दिसतसुद्धा नाहीत. ज्वारीएवढी चांदी घटकाभरात निवायलाच हवी.

तिने दाणे काचेच्या बशीत ओतले. ते एकमेकांपासून सरकत काठाला गेले. बशीवर हात धरला, तर हातावरची लव उभी राहिली.

टिक.

एका दाण्याचे दोन झाले. कुणी हात लावला नव्हता.

"मी जातो पोलादपूरला," भरत घाईने म्हणाला. "अस्थींसंगं हे पन सावित्रीच्या पान्यात सोडून येतो."

"निवल्याबिगर नाय," उंबऱ्यातून आई, ठकूबाई, म्हणाली. ती बशीपाशी येऊन बसली. "तापलेलं मानूस कुनी पान्यात टाकतं?"

भरत नुसत्या अस्थी घेऊन गेला.

सारिकाने बॅगेतला थर्मामीटर काढून त्याची तार दाण्यांना टेकवली. आकडा उतरत होता, पण इतका सावकाश, की डोळे दुखायला लागले. दुपारभर मधूनच टिक व्हायचं. ऊन अंगणातून गेलं. मग आवाज थांबला.

सदतीस अंशांवर आकडा थांबला.

बशी गार होती. जमीन गार होती. आकडा हलेना.

दाणे मात्र हलले. काठ सोडून एकेक करत एका बाजूला जमले. त्या बाजूला ठकूबाई बसली होती. सारिकाने बशी फिरवली. दाणे पुन्हा तिकडेच आले.

"किती हाय?" आईने विचारलं.

"सदतीस."

"म्हंजी?"

"आपलं अंग असतं तेवढं."

ठकूबाई उठली. आतून गोधडी आणून तिने बशीवर अलगद पांघरली, चारी बाजूंनी नीट खोचली. मग वाकून वरची कड थोडी खाली दुमडली, तोंड उघडं राहील अशी.